परीक्षेची दाढ

दातांच्या कॉलेजच्या दवाखान्यात महाल भागात राहणारा अर्णव रांगेत उभा होता. त्याच्या पुढे डावा गाल धरून शेषराव, आणि शेषरावच्या पुढे त्याच्या जुन्या ओळखीच्या कांताबाई.

"पुन्हा आला का गा शेषराव? तुही दाढ तर झाली होती नं?"

"अर्धी झाली, मावशी. एका शिकाऊ डॉक्टरीनबाईच्या परीक्षेले बसवली होती. पास झाली."

"दाढ?"

"बाई. ते पुण्याले गेली, दाढ इथंच राह्यली."

"मंग दुसऱ्या पोराले सांग नं पुरी कराले."

"अर्धवट दाढ त्यायले परीक्षेत चालत नाही म्हणते. कोरी पायजे."

"प्रायव्हेटमंधी काहून नाही जात?"

"खापरखेड्याच्या वीजघरात ठेक्यावर मजूर हावो मी, मावशी. प्रायव्हेटमंधी साहेब लोकं जाते."

"मंग उपटून टाक."

"उपटाले तर सारेच तयार हाय. पण डाव्या बाजूले चावाले तेच एक उरली."

आपली दाढ कोरी आहे की अर्धवट, याची अर्णवला आयुष्यात पहिल्यांदाच काळजी वाटली. तो अर्धं पाऊल पुढे सरकला.

"उजवीकडची कोरी हाय का तुही?" कांताबाईंनी शेषरावला विचारलं.

"हाय. पण ते दुखत नाही नं."

"दुखते म्हन. एकदा खुर्चीत बसला का मंग डावीसाठी हातापाया पड."

दार उघडलं. पांढरा कोट घातलेली एक मुलगी घाईनं बाहेर आली.

"परवा परीक्षा आहे माझी. कुणाला रूट कॅनल करायचंय? काका, तुमची कुठली दाढ दुखते?"

शेषरावनं गालावरचा हात खाली घेतला.

"तुमाले कोणती पायजेन, म्याडम?"