बाबीकाकांच्या होडीतलं पाणी

मंडळी, बाबीकाकांच्या शोकसभेला एवढे सगळे आलात. कुठून बोलू? आधी कबूलच करतो. काल संध्याकाळी मी बाबीकाकांच्या होडीला हात लावला.

काकीने सांगितलं होतं, "तेराव्यापर्यंत होडयेक कोणी हात लावचो नाय. ह्येंनी ठेवलेली तशीच रवांदे." सगळ्यांनी ऐकलं. मी नाही ऐकलं.

बाबीकाका मला ओळखून होते. एकदा त्यांच्या चपलेत मी नांग्या उगारलेली जिवंत कुर्ली ठेवली. काका ओरडले नाहीत. म्हणाले, "मेल्या, रात्री जेवूक ये. तिचा सार करूक सांगितलंय." असा माणूस डेंग्यूने गेला.

पावसाळ्यात आपण होड्या वर काढतो, ताडपत्री घालतो. ताडपत्री मध्ये खचते, तिथे पाणी. बाजूला टांगलेल्या टायरांत पाणी. आपण नावं ठेवतो गटाराला. पण डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, आणि चावतो दिवसा. काका दुपारभर तिथेच बसून जाळी शिवायचे. मी म्हटलं, "काका, डास." तर म्हणाले, "दिवसाचो डास काय करतलो?"

ताप आला. दुकानातली अंगदुखीची गोळी घेतली. ताप उतरला. "माका आता बरा वाटता," म्हणाले, आणि परत होडीकडे. पोटात दुखत होतं, उलट्या होत होत्या. कोणाला बोलले नाहीत. ताप उतरतो तेव्हाच जास्त जपायचं, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा उशीर झाला होता.

काल त्यांचा नातू ओंकार त्याच होडीवर चढून खेळत होता. ताडपत्रीच्या पाण्यात अळ्या वळवळत होत्या. सांगा, मी काय करायचं होतं? पाणी वाळूवर ओतलं. टायरांना खालून भोकं पाडली. आजवर लोकांच्या टायरातली हवा काढली, काल पाणी काढलं.

आणि मंडळी, आज सकाळी बघतो तर शेजारच्या दोन होड्याही कोरड्या. त्या मी नाही केल्या. कोणी केल्या? मागे कोण हसलं? कळलं.

दर आठवड्याला असंच करूया. पिंप, टायर, ताडपत्री, सगळं रिकामं. ताप आला तर दुकानात नाही, दवाखान्यात. ओंकारला आजोबांची होडी चालवायचीय. चालवेल तो.

आता काकांसाठी दोन मिनिटं गप्प उभे राहूया. आणि पाया पडतो तुमच्या, नंतरही गप्पच राहा. काकी आत बसलीय. तिला होडीचं कोणी सांगू नका.