भगवान काय जेवतो?

आदरणीय अध्यक्ष महाराज, व्यासपीठावरचे प्राचार्य आणि संचालक, आजचे सत्कारमूर्ती दाजीसर, त्यांच्याशेजारी संकोचून बसलेल्या आमच्या वहिनी, गावोगावहून आलेले पालक आणि माझ्या विद्यार्थी मित्रांनो,

मी कमळाकर घरत. आपल्या महाविद्यालयाने १९५९ साली मासे टिकवण्याचं शास्त्र शिकायला पाच जणांना नॉर्वेला धाडलं, त्यांतला एक. परदेशी जाणाऱ्या मुलांची सगळी व्यवस्था तेव्हापासून आजवर दाजीसरांकडे होती. सरांचे गुण मी सांगत बसणार नाही, ते त्यांना आवडतही नाही. घडलेलं तेवढं सांगतो.

जाण्याआधी महिनाभर सरांनी आमच्या डोळ्यांवर पंचे बांधून आम्हाला वसतिगृहाच्या जिन्यावरून खाली उतरवलं. नव्या इमारतीत पहिल्याच दिवशी खाटेपासून दारापर्यंतची पावलं मोजायची. धूर झाला तर जमिनीलगत सरकायचं. बाहेर एक जागा ठरवायची, तिथे सगळ्यांनी जमायचं, आणि काही झालं तरी आत परत जायचं नाही. आम्ही हसायचो. कोणीतरी म्हणालंसुद्धा, "सर, आम्ही शिकायला चाललोय की लढायला?" सर एवढंच म्हणाले, "उतरा पुन्हा."

त्यांनी प्रत्येकाचा एक कागद भरून घेतला होता. त्यात एक प्रश्न होता : घरी वाईट बातमी सांगायची वेळ आली, तर आई कोणावर विश्वास ठेवील? गव्हाणच्या भगवाननं लिहिलं, 'कोणावर नाय.' तो कागद वाचून सर दुसऱ्याच दिवशी गव्हाणला गेले आणि भगवानच्या आईच्या, जनीकाकूंच्या ओटीवर तासभर बसून आले. ओळख असावी म्हणून! गावात तार आली की आधी रडारड होते, मग ती तार कोणीतरी वाचतं. म्हणून तार घरी करायची नाही, सरांच्या नावे करायची, हेही तेव्हाच ठरलं.

आणि जानेवारीत, एका रविवारी दुपारी, आमच्या तिथल्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघराला आग लागली. आम्ही चौघं खाली वाचनालयात होतो. ठरल्याप्रमाणे समोरच्या चर्चच्या फाटकापाशी जमलो. भगवान नव्हता. ताप आला म्हणून तो वर झोपला होता, आणि जिना धुराने भरला होता. मी धावलो. आमच्यातल्याच करंज्याच्या बुधानं माझी कॉलर धरली. "सरांनी काय सांगितलंय? आत जायचं नाय! तू गेलास तर दोघांना शोधायला लागंल." मी त्याला शिव्या दिल्या. त्यानं सोडलं नाही. मग आम्ही बंबवाल्यांना सांगितलं, तिसरा मजला, डावीकडची चौथी खिडकी, आत एक माणूस आहे. त्यांनी सरळ तिथेच शिडी लावली. दाराच्या फटीला ओली चादर लावून भगवान खिडकीखाली आडवा पडला होता. जिवंत होता.

पुढचं मला जनीकाकूंनी सांगितलं. त्या तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत, चुकलं तर टोकतीलच. आमची तार मिळताच सर एस.टी.नं फाट्यापर्यंत आणि पुढे बांधावरून चालत गव्हाणला पोचले. काकू मिठागरावर होत्या. सरांना लांबून पाहिलं आणि त्या मटकन खाली बसल्या. सर धावायला लागले. आयुष्यभर पुस्तकी मराठी बोलणारा हा माणूस लांबूनच ओरडला, "भगवान जिता हाय! जेवतोय! काय झालेलं नाय!" ते वाक्य त्यांनी वाटेवर घोकलं होतं म्हणे.

काकूंनी विचारलं, "खरा जेवतंय? मंग काय जेवतंय त्यो?"

इतका सगळा विचार करणाऱ्या माणसाला याचं उत्तर ठाऊक नव्हतं. ते खोटं बोलले नाहीत. "विचारून सांगतो," म्हणाले, आणि तसेच इथे पनवेलला परतले. दुसऱ्या दिवशी आम्हाला तार : भगवान काय जेवतो, ताबडतोब कळवा. इस्पितळात त्याच्या खाटेभोवती उभे राहून आम्ही ती वाचली. हसता हसता आधी कोण रडलं ते आता आठवत नाही. उत्तर केलं : उकडलेले मासे, बटाटे, आईच्या हातची चव नाही. सरांनी पुन्हा गव्हाणला जाऊन ते सांगितलं, तेव्हा कुठे काकूंनी चूल पेटवली.

भगवान आज करंज्याला बर्फाचा कारखाना सांभाळतो. आज त्याला सुट्टी नाही मिळाली, पण आई आली आहे.

अध्यक्ष महाराज, उद्यापासून सरांचं काम माझ्याकडे येतंय. पुढच्या महिन्यात सहा जण निघत आहेत, आणि त्यांत पहिल्यांदाच एक मुलगी आहे, नेऱ्याची शकू. तिच्या कागदावर आईच्या विश्वासाच्या माणसाची जागा कोरी आहे. मी उद्या सकाळी नेऱ्याला तिच्या घरी जातोय. सर, तुम्ही आज निवृत्त झालात हे मान्य; पण ओटीवर बसून काय बोलायचं असतं ते मला अजून येत नाही. याल का बरोबर?

सर विचारताहेत, गाडी किती वाजता. सकाळी सातची, सर.

आपण सर्वांनी इतका वेळ शांतपणे ऐकलंत, मंडळाने मला बोलू दिलं, याबद्दल मनापासून आभारी आहे. भाषणाची सवय नाही. कोणाचा मान राखायचा राहिला असेल, कुठे शब्द वावगा गेला असेल, तर आपला मुलगा समजून पदरात घ्या. नमस्कार.