तिसऱ्या केंद्राचे ब्याऐंशी अंश

पुरवणी जबाब, दिनांक २१ जानेवारी, सकाळी ९ वाजून १५ मिनिटे.

नाव ग्वान शूयुन, वय ४७ वर्षे, धंदा नोकरी, तालुका उष्मा पुरवठा कंपनीत नियंत्रण कक्षाची पाळीप्रमुख, राहणार रेल्वे वसाहत, इमारत ६, खोली ४०२, आनलिंग, प्रांत हेलोंगजियांग.

मी समक्ष हजर राहून सांगते की, वरील ठिकाणी मी पती व सासऱ्यांसह राहते. कंपनीत मला चोवीस वर्षे झाली. याच प्रकरणात माझा एक जबाब १६ तारखेला याच पोलीस ठाण्यात, याच टेबलावर झाला आहे. आज मला कोणी बोलावलेले नाही, मी आपणहून आले आहे. येताना पतीला सांगितले नाही व आमचे व्यवस्थापक पांग साहेब यांनाही सांगितले नाही.

आमच्या कंपनीची तीन वाटप केंद्रे आहेत. बॉयलरचे गरम पाणी तिथून घराघरांच्या पाइपांत जाते. किती पाणी सोडायचे हे ठरवणारी यंत्रे सोळा वर्षे जर्मन होती. ती कधी बिघडली नाहीत असे नाही. बिघडली की त्या कंपनीच्या हार्बिनच्या कचेरीतून शाओ लीबिन येत असे. तो मूळचा आमच्याच गावचा. दोन तासांत यंत्र चालू करून, आमच्या डब्यातले दोन घास खाऊन जात असे.

तीन वर्षांपूर्वी वरून आदेश आला की पाणी, वीज, उष्मा अशा ठिकाणची परदेशी नियंत्रण यंत्रे काढून स्वदेशी बसवावीत. बाहेरच्यांनी उद्या सुटे भाग बंद केले तर भर थंडीत गाव गारठेल, असे कारण दिले होते. ते मला तेव्हाही पटले होते व आजही पटते. निविदांत परदेशी कंपनीला जागा उरली नाही, तेव्हा तिने हार्बिनची कचेरी बंद केली व शाओची नोकरी गेली. तेव्हापासून तो व त्याची बायको दिंग श्योमेई दोन नंबर शाळेच्या फाटकासमोर भाजलेल्या शेवयांची गाडी लावतात. लोक चेष्टेने विचारत, "काय शाओ, जर्मन शेवया का?" तो म्हणे, "छे हो, शंभर टक्के स्वदेशी. एक प्लेट हवी असेल तर निविदा भरा."

स्वदेशी यंत्रे शेन्यांगहून आली. बसवायला जी मीन नावाची इंजिनिअर मुलगी आली होती. यंत्रे वाईट नव्हती, हे मी मुद्दाम नोंदवायला सांगते. पहिले व दुसरे केंद्र त्यांच्यावर नीट चालते. तिसऱ्या केंद्राचे पाइप फार जुने, तिथे नवे यंत्र गोंधळत असे. जी मीन मला म्हणाली होती, "ताई, याला तुमच्या पाइपांची सवय व्हायला दोन हिवाळे द्या. लेकराला उभं राहायच्या आधी पळायला लावू नका." आदेशात मुदत तीन महिन्यांची होती. पांग साहेबांनी तिन्ही केंद्रे बदलल्याचे वर कळवले आणि तिसऱ्या केंद्राचे जर्मन यंत्र केरसुण्या ठेवायच्या लोखंडी कपाटात बसवून घेतले. कपाटावर 'झाडू व पोछा' अशी पाटी आहे. तिच्यावरचे अक्षर माझे आहे.

तिसऱ्या केंद्राची झडप त्या कपाटातूनच हालत असे. टेबलावरच्या नव्या यंत्राला तिथून एक तार दिली होती. जुने यंत्र जे आकडे सांगेल, ते नवे यंत्र पडद्यावर दाखवीत असे, इतकेच त्याचे काम. आम्ही पाळीवाले कपाटातल्या यंत्राला आजोबा म्हणत असू, निवृत्त करून पुन्हा कामावर बोलावलेले. पांग साहेब म्हणत, "झाकली मूठ सव्वा लाखाची, ग्वान. झाकलेलीच राहू दे."

९ जानेवारीस कपाटातल्या पंख्याने खरखर सुरू केली. भाग मिळण्याची सोय उरली नव्हती. मी माझ्या फोनवरून शाओला बोलावले. त्याने घरच्या जुन्या कॉम्प्युटरचा पंखा काढून आणला होता, तो बसवला. म्हणाला, "ताई, हा गुरगुरेल, पण चालेल. गुरगुर थांबली तर मात्र घाबरायचं." जाताना माझ्या सासऱ्यांच्या गुडघ्याची चौकशी केली. बाहेरच्या माणसाला कक्षात मनाई आहे, म्हणून नोंदवहीत मी 'पिण्याच्या पाण्याच्या यंत्राची दुरुस्ती' असे लिहिले व त्याला सांगितले, "कोणी विचारलं तर हेच सांग." तो हसला. "ताई, तुमच्याकडे पाण्याचं यंत्र आहे कुठे? सगळे आपापला थर्मास घेऊन येता." मी म्हटले, "कोण बघायला येतंय?"

१४ जानेवारीस सकाळी १०.१० वाजता तपासणीसाठी तीन अधिकारी आले. बाहेर उणे एकोणतीस होते. सोबत पांग साहेब होते. त्यांतले मोठे अधिकारी नेमके कपाटापाशी थांबले व म्हणाले, "हा कसला आवाज?" पांग साहेब म्हणाले, "जुनी इमारत आहे साहेब, पाइप बोलतात." अधिकारी जागचे हलले नाहीत. त्यांच्या बुटांवरचा बर्फ वितळून लादीवर पाणी झाले होते. मी पोछा काढायच्या निमित्ताने कपाटाचे दार वीतभर उघडले, हात आत घातला व यंत्राचे बटण बंद केले. वेळ १०.२२. मग पोछा घेऊन लादी पुसली.

यंत्राची वीज गेली की झडप आपोआप हळूहळू मिटते, हे मला माहीत होते. दहा मिनिटांनी कोणाचे काही बिघडत नाही, हेही माहीत होते. पडद्यावर तिसऱ्या केंद्राचा आकडा ब्याऐंशी अंशांवर थांबला व उजव्या कोपऱ्यात लाल ठिपका लुकलुकू लागला. आकडे शिळे झाले की तो लागतो. जी मीनने तशी सोय करून दिली होती. अधिकाऱ्यांच्या हातात तपासणी झाल्याचे हिरवे लेबल होते. "कुठे लावू?" असे त्यांनी विचारले. मी बोट ठेवून दाखवले. "इथे कोपऱ्यात लावा साहेब, म्हणजे आकडे झाकले जाणार नाहीत." त्यांनी ठिपक्यावर लेबल लावले व अंगठ्याने नीट दाबले.

तपासणी पावणेअकराला संपली. जेवण लोखंडी कढईतल्या हंसाचे होते व ते आधीच सांगून ठेवलेले होते. टेबलाला सात माणसे होत होती. पांग साहेबांना शुभ म्हणून आठ हवी होती, म्हणून मला घेतले. दार ओढून घेताना ते म्हणाले, "ग्वान, तू तर मंत्री व्हायला हवी होतीस." जेवताना स्वदेशी यंत्रांच्या नावाने तीन पेले झाले. मीही उभी राहून रिकामे केले. परत येऊन खुर्चीवर बसले तेव्हा २.४० झाले होते. पडद्यावर ब्याऐंशी होते. विचारल्यावरून सांगते की, बटणाची आठवण झाली नाही ती दारूमुळे नव्हे. सुटलो, या आनंदात झाली नाही.

४.०५ पासून तिसऱ्या केंद्राच्या भागातून फोन येऊ लागले. मी सगळ्यांना पडदा वाचून दाखवला. ४.४० वाजता तेंग यूफेन बाईंचा आला. त्या वय वर्षे ७९, एकट्या राहतात. शाळेत मला गणिताला होत्या. म्हणाल्या, "शूयुन, अगं घर गार पडलंय." मी म्हटले, "बाई, इथे ब्याऐंशी दिसतायत. एखादी खिडकी उघडी राहिली का बघा." ५.५० वाजता पुन्हा आला. "खिडक्या तर सगळ्या कागदाने चिकटवल्यात गं. भिंतीवरचा थर्मामीटर अकरा म्हणतोय." मी म्हटले, "बाई, आकडा खोटं बोलत नाही. तुम्हीच शिकवलंत." त्या म्हणाल्या, "मग माझाच थर्मामीटर बिघडला असेल." असे एकूण दोन फोन.

७.३० वाजता मी थर्मासातले पाणी कपात ओतले. ओतल्याचा आवाज मोठा वाटला. खोलीत दुसरा आवाजच नव्हता. तेव्हा मला कळले. ७.३२ वाजता बटण चालू केले. तिसऱ्या केंद्रावर सहाशे चाळीस घरे आहेत. घरे कोमट व्हायला अकरा वाजले.

तेंग बाईंनी स्वयंपाकघरात जुनी कोळशाची शेगडी पेटवली होती व तिचा वायू बंद घरात कोंडला. ८.१० वाजता शेजाऱ्यांनी दार फोडून त्यांना बाहेर काढले. त्या तालुका रुग्णालयात आहेत. जिवंत आहेत, पण माणसे ओळखत नाहीत. डॉक्टर म्हणतात, येईलही ओळख, सांगता येत नाही. मी दोनदा रुग्णालयाच्या फाटकापर्यंत गेले. पुढे गेले नाही.

१५ तारखेला सकाळी कपाट कक्षात नव्हते. त्याच्या जागी कुंडी होती. नवे यंत्र बाहेरून कोणीतरी बिघडवले, असे कंपनीने कळवले. १६ तारखेला पांग साहेबांनी मला आपल्या गाडीतून इथे आणले. वाटेत म्हणाले, "बायकांना पन्नासाव्या वर्षी पेन्शन. तुझी तीनच राहिली. शाओला काय, चार दिवस विचारतील नि सोडतील. परदेशी कंपनीत होता, त्याच्यावर संशय घ्यायला कोणाला जड जात नाही." तुम्ही मला ९ तारखेची कॅमेऱ्यातली चित्रे दाखवलीत व हा माणूस कशासाठी आला होता असे विचारलेत. मी म्हटले, माहीत नाही. यंत्राला आणखी कोणी हात लावला का, असे विचारलेत. मी म्हटले, नाही. वड्याचे तेल वांग्यावर निघाले आणि ते मीच काढले. त्या रात्री गावाच्या फोनवरच्या गटात 'परदेशी कंपनीचा हस्तक पकडला' असा संदेश फिरला. आमच्या पाळीतल्या तिघांनी त्याखाली पसंतीचा अंगठा दाखवला होता. माझा नसला तर कोणाच्या नजरेत येईल, म्हणून मीही दाखवला.

काल दुपारी मी शाळेच्या फाटकावरून जात होते. मी तो रस्ता टाळत होते, पण दुसऱ्या रस्त्यावर पुलाचे काम काढले आहे. गाडीवर गिऱ्हाईक नव्हते. फळीवर कोणीतरी कोळशाने शिवी लिहिली होती, ती अर्धी पुसलेली होती. श्योमेईने हाक मारली, "ताई, थंडीत उभ्या का? या." तिने माझ्यासमोर शेवया भाजल्या व न विचारता दोन अंडी फोडली. म्हणाली, "तो आत एकच धोशा लावून बसलाय. म्हणे पाण्याचं यंत्र दुरुस्त करायला गेलो होतो. पोलीस मला विचारतात, त्या खोलीत पाण्याचं यंत्र कुठंय? ताई, यंत्रांची आकडी कुलपं उघडणारा हुशार माणूस, असं वेड्यासारखं का बोलत असेल?" मी खात राहिले. ती म्हणाली, "तुम्ही तिथं होतात. तुम्ही खरं ते सांगितलंयत ना, मग सुटेल तो." मी म्हटले, "सुटेल." तिने रक्तदाबाच्या गोळ्यांची डबी माझ्या हातात दिली. ठाण्यात माझी ओळख असेल असे तिला वाटते. डबी या टेबलावर ठेवली आहे. रोज सकाळी एक द्यायची आहे. त्याच्या पाच चुकल्या आहेत.

मी सांगितलेले खोटे तो आत बसून पाळतो आहे. मला वाचवायला. जबाब लिहून घेणाऱ्या साहेबांनी सांगितले की जबाबात असे लिहीत नाहीत, घडले तेवढेच सांगा. तर घडले ते असे की, नोंदवहीतली खोटी नोंद माझी, त्याला शिकवलेले खोटे माझे, बटण बंद केले ते मी. पांग साहेबांनी बटण बंद करायला सांगितले होते का, असे विचारल्यावरून सांगते की, नाही. कपाट त्यांचे, बटण माझे.

कपाट दुसऱ्या बॉयलरमागे राखेच्या आवारात निळ्या ताडपत्रीखाली आहे. काल संध्याकाळपर्यंत होते. आज माणूस पाठवावा, उद्यावर टाकू नये. यंत्राची वीज कधी गेली व कधी आली हे त्यात आपोआप नोंदले जाते. १०.२२ व ७.३२ असे निघेल. ती नोंद वाचता येणारा या तालुक्यात एकच माणूस आहे व तो तुमच्या कोठडीत आहे.

वरील मजकूर मी सांगितला तसा लिहून घेतला व मला मोठ्याने वाचून दाखवला. १६ तारखेचाही असाच वाचून दाखवला होता. तोही बरोबर आहे म्हणून मी याच लाल शाईत अंगठा उठवला होता. तो खोट्यावर उठवलेला आहे. हा जबाब बरोबर आहे, फक्त एक दुरुस्ती करून घ्यावी. तेंग बाईंचे दोन फोन आले असे वर लिहिले आहे. तीन आले. तिसरा ७.०५ वाजता आला. नंबर ओळखीचा होता. मी उचलला नाही.