शांतवन मास्तरांचा अर्पणाचा अर्धा धडा

पाळकसाहेब, मास्तरीणबाई, मंडळीतले वडीलधारे आणि बहिणींनो,

एवढ्या लोकांपुढे मी कधी बोललेले नाही. आज आवाज टिकेल याची खात्री नाही. म्हणून घडलं ते आधी क्रमाने सांगते.

एक. गुरुवारी दुपारी लालबागला संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा अडवला. गोळीबार झाला.

दोन. काळाचौकीचे गिरणी कामगार विठोबा साळवी मांडीत गोळी लागून पडले. शाळेतून घरी निघालेले आपले शांतवन मास्तर त्यांना उचलायला वाकले. दुसरी गोळी मास्तरांच्या पोटात गेली.

तीन. दोघांना परळला इस्पितळात आणलं. तिथल्या रक्तपेढीत मी रक्त तपासते. मास्तरांना सहा बाटल्या हव्या होत्या. त्यांच्या गटाच्या तीनच मिळाल्या.

चार. शुक्रवारी सकाळी मास्तर गेले.

हे तुम्हाला ठाऊक आहे. आता जे ठाऊक नाही ते.

त्या दुपारी आपल्या मंडळीतले सात जण रक्त द्यायला आले. चौघांनी हात पुढे केला. तिघे दारातूनच परतले. ते तिघे आत्ता इथे बसले आहेत. नावं मी घेणार नाही.

एक जण म्हणाले, "ताई, माझं हे बोट गिरणीत साच्यात गेलंय. मास्तरांनीच शिकवलंय ना, लंगडं-लुळं जनावर देवाच्या वेदीवर आणू नये? आणि मास्तरांनाच देऊ?"

दुसऱ्या बाई म्हणाल्या, "मी ही अशी काडी. माझं पाणचट रक्त मास्तरांना? कुणातरी धडधाकटाचं घे गं."

तिसरे नुसते म्हणाले, "माझंही तसंच."

आणि मी काय म्हटलं? "पुढचे या."

एवढंच म्हटलं. समोर काचपट्ट्या होत्या, घाई होती. बोट नसल्याने रक्ताला काही होत नाही, हे एका वाक्याचं काम होतं. ते मी केलं नाही. त्या तिघांपैकी कुणाचा गट जुळला असता? मला माहीत नाही. मी तपासलंच नाही. जुळला असता तर मास्तर वाचले असते? तेही माहीत नाही. या न माहीत असण्यापुढे काय करायचं, हे मला कुणी शिकवलेलं नाही.

पण बंधूंनो, तो धडा अर्धाच होता. बाकीचा अर्धा मी मास्तरांच्या रविवारच्या शब्बाथशाळेत ऐकला आहे.

मास्तर इस्राएल लोकांची अर्पणं शिकवत होते. निर्दोष कोकरू हवं, म्हणाले. मागून कुणीतरी बोललं, "मास्तर, चाळीत कोकरू बांधायचं कुठं? नळाला?" सगळे हसले. मास्तरही हसले. "कोकरू परवडत नसेल तर पारव्यांची जोडी आण. तीही नसेल तर सपीठ आण. गरिबाला देवाने परत पाठवलं नाही."

मी विचारलं, "सपीठ किती?"

"एफाचा दहावा भाग."

"म्हणजे किती शेर?"

"हिला माप हवं!" मास्तर म्हणाले. मग बायबलातलं, करिंथकरांना लिहिलेल्या पत्राचं पान उघडलं आणि समजावलं. माणसाकडे जे आहे त्यावरून त्याचं देणं मान्य होतं. जे नाही त्यावरून नाही. "ख्रिस्ताच्या रूपाने निर्दोष कोकरू आपल्यासाठी एकदा देऊन झालं," ते म्हणाले. "ते व्हायला तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही. तुम्ही फक्त द्या. आणि रडतखडत देऊ नका."

हे मला पाठ होतं. गुरुवारी दारात ते तिघे उभे होते, तेव्हाही पाठ होतं.

त्यांना दोष देऊ नका. मास्तरांवर त्यांचं इतकं प्रेम होतं की आपलं रक्त त्यांना हलकं वाटलं. चुकले ते प्रेमाने. मी चुकले ते घाईने.

मास्तरांनी ज्यांना उचललं ते विठोबा साळवी जिवंत आहेत. त्यांची पत्नी शेवटच्या बाकावर बसली आहे. डॉक्टर म्हणतात, शस्त्रक्रिया येत्या गुरुवारी करावीच लागेल. गट मास्तरांचाच. पेढीत त्या गटाची एकही बाटली नाही. चार लागतील.

आता आपण उभं राहून दोन मिनिटं शांत राहू. नंतर माझ्याशी सांत्वनाचं बोलू नका. मला ते झेपणार नाही. रक्त तपासायला येणार की नाही, एवढं मंगळवारी संध्याकाळी पाचपर्यंत मला कळवा. नाही म्हणायचं असेल तरी कळवा.