रविवारपुरता गुरू

—नाही, नाही, ती पिशवी टेबलावर नको ठेवूस, तिथे मुलांच्या वह्या आहेत. हां, तिथे, खुर्चीत. बघू काय काय आणलंयस — शाल, नारळ, गूळ-चणे, आणि हा दोरा. लाल, आणि वर जरीचा गोंडा! अगं, राखी आहे का ही? गुरू शिष्याला गंडा बांधतो तो दोरा असा असतो हे कोणी सांगितलं तुम्हाला, डेकोरेशनवाल्यानं? बरं, नाव काय म्हणालीस तुझं — प्रिया. प्रिया, तू शौनकच्या ऑफिसातली. म्हणजे शौनकला ऑफिस आहे! तर मला नीट समजू दे हं. येत्या रविवारी वाशीच्या नाट्यगृहात त्याच्या कारकिर्दीला पंधरा वर्षं झाली म्हणून सोहळा, आणि मध्यंतरानंतर कामोठ्याच्या सुचित्राबाईंनी, म्हणजे मी, स्टेजवर जायचं, सगळ्यांसमक्ष त्याच्या मनगटावर हा गंडा बांधायचा, त्याच्या तोंडात गूळ-चणे घालायचे, की झाला तो माझा रीतसर शिष्य. सदतिसाव्या वर्षी! मुलांच्या मुंजी आठव्या वर्षी होतात गं. आणि आत्ताच का, ते नको सांगूस, पेपर वाचते मी. त्या मोठ्या महोत्सवाच्या कमिटीनं विचारलं ना — संगीत ठीक आहे, पण यांना तालीम कोणाची? गुरू कोण? गंडा कोणाचा? झालं, आता धावाधाव. ॲडमिशनच्या वेळी शाळेचा दाखला शोधतात ना, तसा गुरू शोधायला निघालाय.

बस, बस, चहा ठेवते — नको? बरं. नऊ वर्षांचा होता माझ्याकडे आला तेव्हा. कामोठ्यात तेव्हा चार बिल्डिंगी आणि बाकी नुसता चिखल. वडील कळंबोलीच्या लोखंड बाजारात कारकून, स्कूटरवरून सोडायचे. दहा वर्षं या सतरंजीवर बसून शिकला. गळा म्हणशील तर काही ग्रेट नव्हता, पण कान — कान देवानं दिला होता. आणि त्या कानाचं पुढे काय केलं साहेबांनी? सांगू? बिल्डरची जाहिरात! मारवा — मावळतीचा राग, नीट लागला तर माणूस बोलायचं विसरतो — त्या मारव्यावर याचं पहिलं काम काय, तर टू बीएचके, क्लबहाऊस, स्टेशनपासून सात मिनिटं. मग मॉलमध्ये ‘राग लाउंज’. लोक पिझ्झा खातायत, मुलं एस्कलेटरवर उलटी चढतायत, आणि हा काळा कुडता घालून दरबारी वाजवतोय, मागे ड्रम! मग सीरियल. अख्ख्या जगात मैफल भैरवीनं संपते, याची मालिका रोज रात्री आठला भैरवीनं सुरू व्हायची — आणि संपायचं नाव घेत नव्हती, सहा वर्षं! मग ते पिक्चरचं गाणं, कोळी ठेक्यावर यमन. ते तर काय, डोक्यावर घेतलं लोकांनी. मला विचारशील तर उथळ आहे. दुसऱ्या अंतऱ्यात सगळी वाद्यं थांबतात, एकटा ठेका राहतो, आणि तीव्र मध्यमावर तो जो एक श्वासभर थांबतो — तेवढं सोडलं तर उथळ. — मला कसं माहीत म्हणजे? कानावर पडतं बाई. सोसायटीचा गणपती, वराती, खाली तो इस्त्रीवाला दिवसभर लावून ठेवतो. बरं, आहे माझ्या मोबाईलमध्ये, असलं म्हणून काय झालं? वाईट काय आहे ते आधी ऐकावं लागतं ना, मग नावं ठेवता येतात.

आणि मुलाखतीत कान पकडतो, पाहिलंयस? गुरूंचं नाव घेताना आमच्यात कानाच्या पाळीला हात लावतात. हा हात लावतो, डोळे मिटतो, ‘माझ्या गुरू’ म्हणतो — आणि नाव घेतच नाही! सगळ्यांना वाटतं काय नम्रता, काय गूढ. काही गूढबिढ नाही. मीच सांगितलं होतं. माझ्या दारातून बाहेर पडताना सांगितलं होतं — माझं नाव कुठे घेऊ नकोस. दहा वर्षांत सांगितलेल्या हजार गोष्टींतली ही एक मात्र गाढवानं अक्षरशः पाळली.

का म्हणजे? हाकलला त्याला मी. तुला सांगितलं नाही वाटतं त्यानं. — हं. नाहीच सांगणार तो. अगं, दिवाळे गावच्या कोळीवाड्यात हळद होती, माझ्या एका विद्यार्थिनीच्या बहिणीची. आग्रह केला म्हणून गेले. मांडवात कोणा देवजीची बेंजो पार्टी, आणि कीबोर्डवर कोण? आमचे चिरंजीव! एकोणीस वर्षांचा, चकाकतं जॅकेट, गॉगल — मांडवात गॉगल! मी आपली खुर्चीत बसलेय, हातात सरबत, आणि यानं त्या कोळीगीताच्या मधेच हळूच यमन आणला. माझा यमन. मी घोटून घेतलेला, तीच जागा, तोच ठहराव. आणि मांडव थांबला नाही गं, आणखी नाचायला लागला! म्हाताऱ्या कोळणी उठल्या, नवरीची आजी उठली. कोणाला कळलंसुद्धा नाही की आपण यमनवर नाचतोय. आणि माझा पाय — आता तू हसशील — माझा पाय हलायला लागला. मी दाबून धरला तर गुडघा हलायला लागला. दुसऱ्या दिवशी क्लासला आला, बसला, आणि मी म्हटलं ऊठ. ‘बाई, सुरात चुकलं का कुठे?’ असं विचारलं त्यानं. कुठे चुकलं होतं? कणभर चुकलं नव्हतं. चुकलं असतं तर चार शब्द सुनावून ठेवून घेतला असता. तो रडत जिना उतरला, आणि मी पुढच्या बॅचला भूप सुरू केला, कारण आमच्या बुवांनीपण मला असंच —

काही नाही. पंखा वाढवू का जरा?

नाही, तसं काही नाही. बुवा, म्हणजे माझे गुरू, फार मोठे. गिरगावात खोली होती त्यांची. बाहेर माझ्या क्लासच्या पाटीवर त्यांचं नाव वाचलंस ना — ‘यांच्या गंडाबंध शिष्या’. तर ते. गुरुपौर्णिमेला ठरलं होतं माझं गंडाबंधन. बावीस वर्षांची होते. नारळ घेतला, शाल घेतली, आईनं स्वतः गूळ फोडून दिला. आणि आदल्या आठवड्यात कोणीतरी त्यांच्या कानावर घातलं, तुमची सुचित्रा ऑर्केस्ट्रात गाते. गात होते! पोटासाठी म्हणतील लोक, पण तसं काही नव्हतं गं, वडिलांची चांगली नोकरी होती. आवडायचं म्हणून गात होते. निळी साडी नेसून सिनेमाची गाणी म्हणायची आणि मागून शिट्ट्या यायच्या. मला त्या शिट्ट्या आवडायच्या — हे आजवर कोणाला बोलले नाही मी. बुवा ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. उठले, तंबोऱ्याला गवसणी घातली आणि आत गेले. मी नारळ घेऊन ट्रामच्या जुन्या रुळांपाशी — हे काय सांगत बसले मी तुला. घरी आले. आईला सांगितलं, झालं सगळं छान.

काय बघतेस? हा? हा होय. माझ्या हातातला. दरवर्षी नवा बांधते, गुरुपौर्णिमेला. पनवेलच्या बाजारातून आणते, साधा काळा दोरा, गोंडाबिंडा काही नाही. एका हातानं गाठ बसत नाही गं, दात लावावे लागतात. मुलं विचारतात, बाई, हा कोणी बांधला? मी म्हणते, बुवांनी. चाळीस वर्षं म्हणतेय. लाज वाटते का? वाटते ना. आधी वाटायची, मग सवय झाली, आता तू समोर बसलीयस तर पुन्हा वाटतेय. त्या पोराला हाकलताना मी बुवांसारखी वागले आणि मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की आपण खरोखर त्यांच्या शिष्या आहोत. आता तूच सांग, त्याच्या हाताला मी काय बांधू? तो तिकडे हजार माणसांत हात पुढे करून बसणार, डोळे मिटून, खऱ्या मनानं — मनानं खराच आहे तो, मेला — आणि मी? माझ्याकडे देण्यासारखं जे होतं ते त्यानं त्या हळदीत वाजवून टाकलं. बाकी माझ्याजवळ —

ऊठ. ऊठ बाई, साडेपाचची बॅच यायची वेळ झाली. ती पिशवी घे, नारळ विसरू नकोस. नाही, त्याला फोन लावून देऊ नकोस मला, मी बोलणार नाही. सांग त्याला, बाई येत नाहीत. कारण विचारेल तो, नक्की विचारेल. तर म्हणावं, बाई म्हणाल्या, तुझी तयारी अजून कमी पडते. — हो, हेच सांगायचं. असंच्या असं. बाकी तू काही ऐकलेलं नाहीस. जा.