तक्रारवहीत पेरीनचं नाव

— ठोकू नका हो, फोडलंत तरी उघडणार नाही कुणी. मागच्या सुगीपासून त्या घरात माणूस नाही. पेरीनचंच ना? तिचंच. मी शेजारची, गिलमेत, सुताराची विधवा. या आत, बूट राहू द्या पायात. कचेरीतून आलात — कसं ओळखलं म्हणजे? बगलेत कागद नि बुटांना नाल्याचा चिखल. इथला माणूस त्या वाटेनं येतच नाही. सूप घ्या, कोबीचं आहे. मीठ हवं तेवढं घाला. आता कायदाच गेला ना मिठाचा. राजाच्या ज्या सभेसाठी आमची गाऱ्हाणी लिहून पाठवली, तिनंच काढला म्हणे. हं. चांगलं झालं.

मग हा तूसँच्या सुटकेचा कागद? तिच्या नवऱ्याचा? असं. जिवंत आहे तर. — चालता येत नाही? म्हणजे घरचं कुणी गाडी घेऊन गेलं तरच. आणि नाही गेलं, तर तिथंच — बरं. पाव बुडवा, मऊ होतो.

कागदात नुसतं 'मिठाचा गुन्हा' असेल. दुसरं काय लिहिणार? आठ वर्षांवरच्या प्रत्येक जिवामागे सरकारी मीठ घ्यायचंच, लागो न लागो; आणि घालायचं फक्त रश्शात नि ताटात. डुकराचं मांस टिकवायला चोळलं की गुन्हा — त्याला वेगळं मीठ विकत घ्या, वेगळी पावती ठेवा. आता मिठाला कळतं का, आपण कुठं पडलो ते? सगळं गाव चोळायचं. सेंट मार्टिनच्या सणाला डुक्कर कापलं की घरोघर दारं बंद, कुणी कुणाला विचारायचं नाही. मला विचारावं लागतच नव्हतं — या खिडकीतून तिचं स्वयंपाकघर दिसतं.

मग मागच्या साली मार्चात राजानं विचारलं, तुमची गाऱ्हाणी काय? आमच्या जन्मात कुणी विचारलं नव्हतं. चर्चमध्ये सभा, खुर्चीवर जहागीरदाराचा न्यायाधीश, वही लिहायला आमचे ब्लेझमास्तर. मी नवऱ्यामागे घरची कर्ती, म्हणून मलाही बाक मिळाला. मास्तर पुस्तकं वाचणारे — माणसं जन्मतः सारखी, राज्य चालतं ते लोकांच्या संमतीनं, अन्याय उजेडात आणला की पळतो. 'मोघम नको, बाई,' म्हणाले, 'दाखला द्या, नावासकट!' आणि सगळे माझ्याकडे बघताहेत. एरवी म्हणायचे, 'गिलमेत, त्या जिभेला एक दिवस सुट्टी दे गं' — तेच गप्प बसून ऐकताहेत. मी म्हटलं, आमची पेरीन बघा, सक्तीचं मीठ घरात पडून, तरी पिंपातल्या मांसाला लावलं की चोर. बिचारी लपून लावते. टाळ्या पडल्या. तूसँ मागं उभा होता. तोही वाजवत होता — हो, तोही. गाऱ्हाणं सांगितलं म्हणजे सुटलंच, असं वाटलं सगळ्यांना. वही मोठ्यानं वाचली, मी सहीऐवजी फुली केली, न्यायाधीशानं पानापानावर सही केली. पेरीन घरी होती. तिला विचारलं नव्हतं.

तीन आठवड्यांनी मिठाचे शिपाई आले. दुसऱ्या कुठल्या दाराशी थांबले नाहीत. पिंप अंगणात आणलं, एकानं मांसाला बोट लावून चाटलं. तूसँ त्याला ढकलत ओरडला, 'राजानं विचारलं म्हणून सांगितलं!' शिपाई हसला — 'मग आम्ही कुणाचे, बाबा? त्याचेच.' नेलं त्याला. मी इथंच उभी होते, आणि माझं पिंप —

म्हटलं का मी माझं पिंप? हो. तुमच्या पायाखाली, तळघरात. त्याच मिठाचं. डुक्कर तिच्याहून मोठं होतं. दाखला माझाच द्यायचा, पण जीभ तिच्या घराकडं वळली. तिला सवयच ती, शेजारच्या घराची. रडले नाही. तेव्हा नाही, नंतर नाही. लाकडं फोडते, सूप ढवळते. पिंपातलं संपवलं सगळं; टाकणार कुठं?

पेरीन कुठं गेली? मला काय माहीत. मी आता कुणाचं काही सांगत नाही. गावात विचारा. — विचारलंत? कुणालाच ठाऊक नाही? नसेलच. सांगून गेलीच नाही ती. गाठोडं, बकरी — आणि वाट कुठली धरली ते मी बघितलं, एवढंच.

बसा. उठू नका.

नदीपलीकडे, पाणचक्कीच्या वरच्या अंगाला, बहिणीकडे आहे. निळं दार. गाडी चक्कीवाल्याकडे मागा, तिच्याकडे नाही मिळायची. आजच जा. कुणी पत्ता दिला म्हणून विचारेल. सांगा, गिलमेतनं. लपवू नका नाव. तोंड फिरवेल, फिरवू द्या, कागद तेवढा हातात द्या. आणि त्या कागदावर कोरी जागा असेल, तर लिहा — गिलमेतच्या पिंपातही तेच मीठ होतं. फुली करते मी.

काय? आता त्याला शिक्षाच नाही?

मग राहू द्या. नका लिहू. जा तुम्ही, ऊन उतरायच्या आत पूल ओलांडा.