पाणी बिघडलं की कोंबडी यायची

आधी तक्रार, नमस्कार मागाहून. व्यासपीठावर सात माणसं आणि सात बंद बाटल्या. खाली आम्ही शंभरजण, आणि एक पिंप. त्यातलं पाणी आम्हाला चालतं, तर तुम्हाला का चालत नाही?

हं. आता रीतसर. सन्माननीय अध्यक्ष महाशय, आज सेवेतून मोकळे होणारे थोरले साहेब, त्यांच्या खुर्चीवर आलेले नवे साहेब, इतर मान्यवर, कामगार मंडळी आणि या कोंबडीच्या कारखान्यामागच्या गल्लीतले माझे शेजारी, सगळ्यांना नमस्कार. कारखान्याच्या वतीने गोड बोलून झालं. गल्लीच्या वतीने मी बोलते.

साहेबांनी वीस वर्षांत लाखो कोंबड्यांना निरोप दिला. आज त्यांची पाळी, पण हार घालून, तेवढा फरक.

हसता काय? मीही तंगडी चोखून खाणारी बाई आहे, माझं भांडण कोंबडीशी नाही. आमच्या वेळी पाहुणा आला तर कोंबडी कापायची. तंगडी पाहुण्याला, रस्सा आम्हाला. आता शाळेच्या डब्यात कोंबडी, ऑफिसच्या डब्यात कोंबडी, मांजराच्या ताटलीतसुद्धा तीच. शेतातला मका तिच्याच पोटात जातो. आणि तिला धुतलेलं पाणी, रक्तापिसांसकट, ओढ्यातून आमच्या विहिरीपाशी. शहरभर ताटं भरली, खरकटं एका गल्लीच्या दारात. ही कुठली वाटणी?

पहिल्यांदा मी तक्रार केली, तेव्हा साहेबांनी संध्याकाळी किलोभर कोंबडी घरी पाठवली. मी गप्प. शेजारणीने पाहिलं, दुसऱ्या दिवशी तिची तक्रार. मग काय विचारता! पाहुणे यायचे असले की आमच्या गल्लीचं पाणी हमखास बिघडायचं. एका घरी तर साखरपुड्याच्या आदल्या दिवशी आठ तक्रारी! माना खाली घालू नका, मला सगळ्यांची नावं पाठ आहेत. पहिलं माझंच.

गेल्या वर्षी माझी नात उलट्या-जुलाबांनी लोळागोळा झाली. डॉक्टर म्हणाले, पाणी बदला. मी तडक साहेबांच्या केबिनमध्ये. म्हटलं, "साहेब, पाणी बिघडलंय."

साहेब हसले. "आजी, या वेळी पाहुणे किती?"

आणि दोन किलोची पिशवी पुढे केली. मी काय केलं असेल? घेतली! सवय, दुसरं काय. घरी आल्यावर सुनेने पिशवीकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "आई, हिला शिजवू कुठल्या पाण्यात?"

पिशवी घेऊन आल्या पावली परत गेले. साहेबांच्या टेबलावर ती ठेवली, शेजारी विहिरीचं पेलाभर पाणी ठेवलं. म्हटलं, "प्या." साहेबांनी पेला उचलला, वास घेतला, खाली ठेवला. माणूस वाईट नाही हो! पुढच्याच आठवड्यात सांडपाणी साफ करायच्या टाकीचा खड्डा खणायला घेतला. टाकी उभी राहिली. नात बरी झाली. चार महिने हॉस्पिटलच्या नळाचं पाणी डोक्यावरून आणून पाजलं तिला. अजूनही आणते. कारण टाकीवर मोटार बसलीच नाही, सांडपाणी अजून ओढ्यातच जातं. आठ महिने ऐकतेय, वरून मंजुरी येतेय. किती वर आहे हे वर?

साहेबांना सुखाची निवृत्ती लाभो. चार शब्द बोलायला बोलावलंत, आभारी आहे. चाराचे चारशे झाले, त्यात एखादा झोंबला असेल तर म्हातारीचं बोलणं म्हणून पोटात घाला.

आता सांगा, मोटार कुठल्या तारखेला बसणार? पिशवी पाठवायची नाही, तारीख हवी. थोरल्या साहेबांनी बोलायचं नाही, ते सुटले. तिसऱ्या रांगेतल्या माझ्या मुलाकडेही बघायचं नाही, त्याला उद्या पिसं काढायच्या मशीनवर यायचंय. नवे साहेब, उठा. उत्तर तुम्ही द्यायचं.